न सांगितलेली साइडपट्टी

साइडपट्टी हा विषय ज्यांना क्षुल्लक वाटतो त्यांच्या दारापर्यंत डांबर आलेलं असतं, असं माझं मत आहे. मी टपालवाला. आमच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे शेतांच्या या छोट्या पंचायतीत, डांबर नाही. सगळे रस्ते खडीचे, आणि टपालपेट्या रस्त्याच्या कडेला, गाडीच्या खिडकीतून हात पोचेल अशा. पेटी आली की उजवी दोन चाकं साइडपट्टीवर घ्यायची, पेटीत टपाल सारायचं, पुन्हा रस्त्यावर यायचं. माझी निम्मी नोकरी अशी एका अंगाला कललेल्या गाडीत गेली आहे. उत्तर डकोटात असे टपालवाले पुष्कळ असतील, पण वेंडेल होव्डाच्या हातची साइडपट्टी सगळ्यांच्या नशिबी नसते.

वेंडेल आमचा ग्रेडरवाला, म्हणजे खडीचा रस्ता पात्याने खरवडून सपाट करणारं यंत्र चालवणारा. बापाची जमीन दोन मोठ्या भावांत वाटली गेली आणि तिसऱ्याच्या वाट्याला ग्रेडर आला, असं तो स्वतःच सांगतो. तरणा होता तेव्हापासून त्याच यंत्रावर आहे. मधे एकदा हायवेच्या लोकांनी त्याला बोलावलं होतं. पगार जास्त, केबिनला एसी. हा जाऊन बघून आला आणि म्हणाला, "डांबराला काय करायचंय? नुसतं त्याच्याकडे बघत बसायचं." आणि परत खडीवर रुजू झाला. उंच, थोडा वाकलेला, बोलायला महाग. रस्त्यात भेटला तर ग्रेडरच्या दांड्यावरून एक बोट उचलतो, तेवढाच नमस्कार. कुणाच्या अंगणात कपडे वाळत असले तर मात्र लांबूनच वेग कमी करतो, धूळ बसू नये म्हणून. बायका त्याच्या बाजूने का असतात हे टाउनशिपचा कारभार बघणाऱ्या बोर्डातल्या पुरुषांना अजून कळलेलं नाही.

त्याचं खरं काम साइडपट्टीचं. गाड्या धावतात तशी मधली खडी उडून कडेला जाते. तिच्यात गवत रुजतं, गवतात माती अडकते, आणि दोन-चार वर्षांत रस्त्याच्या कडेने आपोआप एक बांध उभा राहतो. बांध झाला की पाण्याला चरात उतरायला वाट उरत नाही. ते रस्त्यावरच बसतं आणि रस्ता खातं. म्हणून वेंडेल दर वसंतात जिथे बांध झाला असेल तिथला तो पात्याने खरवडतो, खडी परत मधे आणतो, गवताची ढेकळं फोडतो आणि कड नीट उताराला लावतो. आम्ही याला साइडपट्टी ओढणं म्हणतो. एक-दोन दिवस ढेकळं गाडीच्या बुडाला लागतात, तेव्हा लोक त्याच्या नावाने खडे फोडतात. पुढे वर्षभर रस्ता कोरडा राहतो, ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

यात एक मेख आहे. नुकती ओढलेली साइडपट्टी दिसायला मोठी देखणी असते. रुंद, सपाट, बिनगवताची. बघून वाटावं, ट्रक उभा करावा. पण आत ती कुस्करलेल्या बटाट्यासारखी मऊ असते. रोलर फिरून ऊन खाल्ल्याशिवाय तिच्यावर चाक घालायचं नाही. आणि त्याआधीच पाऊस पडला तर विचारूच नका.

मग तिथे फलक लावता का, असं एखादा शहाणा विचारेल. नाही लावत. म्हणजे तेव्हा लावत नव्हतो. गरजच नव्हती, कारण आमच्याकडे अर्लिस होती.

अर्लिस म्हणजे वेंडेलची बायको. बुटकी, ठसठशीत, आणि वेंडेल जेवढं बोलत नाही तेवढं सगळं बोलणारी. शाळेची पिवळी बस तीच चालवते. दिवसभर मुका असलेला वेंडेल रात्रीच्या जेवणाला बसला की बोलायला लागतो, आणि काय बोलतो, तर कुठला रस्ता, कुठल्या बाजूची साइडपट्टी, कुठून कुठपर्यंत. अर्लिस म्हणायची, "इतर बायकांचे नवरे जेवताना बातम्या बघतात. माझा नवरा वाढतो साइडपट्ट्या." पण ऐकायची. आणि सकाळी बसच्या शेडमध्ये सगळ्यांना सांगायची, तिथून ते कॅफेत यायचं, कॅफेतून माझ्या कानावर. बोर्डात एकदा फलकांचा विषय निघाला तेव्हा आमचे अध्यक्ष म्हणाले, "अर्लिस असताना फलक कशाला?" सगळे हसले आणि विषय तिथेच मिटला.

आता शतावरीचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं.

आमच्याकडे रस्त्याच्या कडेला रानशतावरी उगवते. मे महिन्यात तिचे कोवळे कोंब येतात, ते लोण्यावर परतून खातात. कुणाची जागा कुठे हे कुणी कुणाला सांगत नाही. पाद्री स्वतःची जागा सांगत नाहीत, मग आमचं काय. आई मुलीला सांगते, तेही मरायला टेकल्यावर. अर्लिसला तिच्या आईने अशीच एक जागा दिली होती, त्वेइट वळणाजवळ, साइडपट्टीवर. पोरीने ती अशी जपली की नवऱ्यालाही सांगितली नाही. एवढंच नाही, शरद ऋतूत शतावरीची झुडपं पिवळी पडून लांबून दिसतात, तर ही बाई दरवर्षी जाऊन ती जमिनीलगत मोडून यायची, कुणाला माग लागू नये म्हणून. आता मला सांगा, जिथे वर काही दिसतच नाही तिथे ग्रेडरवाल्याला काय कळणार? त्या मे महिन्यात, कोंब वर यायच्या आत, वेंडेलने कित्येक वर्षांनी त्वेइट वळणाची साइडपट्टी ओढली. शतावरीसकट.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने नेहमीसारखं सांगितलं. त्वेइट वळण, उत्तरेची बाजू. अर्लिसच्या हातातला चमचा खाली आला. "उत्तरेची?" एवढंच विचारलं. मग उठली, ताटली धुतली आणि अबोला धरला.

बिचाऱ्या वेंडेलला गुन्हाच कळेना. कळायला दोन दिवस लागले, तेही तिच्या बहिणीकडून. माझं विचाराल तर चूक अर्लिसची होती. आणि ती तिचीच होती हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच राग जात नव्हता. जेवण वेळेवर वाढलं जायचं. ताटली मात्र टेबलावर आपटायची. वेंडेल खाली मान घालून खायचा. समोरची बाई ऐकतच नसेल तर साइडपट्ट्या सांगायच्या कुणाला, म्हणून त्याने सांगणं सोडलं.

अबोल्याचा तो चौथा-पाचवा दिवस. दुपारपासून पाऊस लागला होता. मी टपाल वाटून चिंब होऊन टाउनशिपच्या शेडमध्ये कॉफी प्यायला गेलो. वेंडेल ग्रेडरच्या पात्याची झिजलेली धार बदलत होता. पावसात त्याला दुसरं काम नसतं.

"काल कुठे होतास?" मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं.

"फॉसमचं तळं. दोन्ही बाजू ओढल्या. आज दुपारी रोलर फिरवायचा होता, तर हा पाऊस."

"दोन्ही बाजू एकदम?"

"दुसऱ्या दिवशी ऊन आहे म्हणाले होते रेडिओवर."

"अर्लिस काय म्हणाली?"

त्याने तिला सांगितलंच नव्हतं. हातातला पाना तसाच राहिला. मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं. शाळा सुटली होती, आणि अर्लिसची बस तळ्यावरूनच जाते.

फॉसमच्या तळ्याचं तुम्हाला सांगायला हवं. तिथे रस्त्याला चर नाहीच. दोन्हीकडून तळंच येऊन रस्त्याला टेकलं आहे. बर्फ वितळल्यावर पाणी साइडपट्टीच्या हातभर खाली असतं, आणि खोल किती ते कुणी मोजायला गेलेलं नाही. माझ्या लहानपणी तिथे एक ट्रॅक्टर गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याचं फक्त धुराडं वर दिसत होतं.

वेंडेलने शाळेत फोन लावला. बस निघून गेली होती. त्यांनी बसला रेडिओवरून हाक मारली, पण तळ्याजवळचा रस्ता खोलगटातून जातो, तिथे रेडिओ मुका होतो. अर्लिसचा मोबाइल पर्समध्ये, पर्स सीटमागे. बस चालवताना ती त्याला हात लावत नाही, आणि लावू नये असं आम्हीच तिला सांगितलेलं.

"गाडी येते-जाते तरी कुणाची तिथे या पावसात?" वेंडेल म्हणाला. स्वतःची समजूत घालत होता.

मला सांगणं भाग होतं. "रेनी केसलर. दक्षिणेच्या शेतातून पेरणीयंत्र घरी न्यायला काढत होता. तासाभरापूर्वी बघितला मी."

केसलरचं पेरणीयंत्र साठ फुटी आहे. पंख मिटले तरी रस्त्यावर दुसऱ्याला जागा राहत नाही. आणि आमच्याकडची रीत अशी की समोरून मोठं यंत्र आलं की हलक्या गाडीने बाजूला घ्यायचं. साइडपट्टीवर जायचं, यंत्र पुढे गेलं की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, आणि आपल्या वाटेने निघायचं. पेरणीच्या दिवसांत जो बाजूला घेत नाही त्याचं नाव कॅफेत महिनाभर निघतं.

आम्ही वेंडेलच्या पिकअपमध्ये बसलो. आयुष्यात तो माणूस कधी वेगाने गाडी चालवत नाही. त्या दिवशी चालवली. खडी बुडाखाली नुसती तडतडत होती.

"ती बाजूला घेणार, गॉर्डी," तो म्हणाला.

"अरे, भेटलेही नसतील ते."

"ती कायम बाजूला घेते. लांबूनच घेते. रिकाम्या ट्रॅक्टरलासुद्धा घेते. तिच्या आईचं वळण आहे ते." थोड्या वेळाने परत म्हणाला, "आणि ती साइडपट्टी इतकी झकास दिसतेय. मी अशी झकास करून ठेवलीय."

"पोरं किती असतात त्या फेरीला?"

तो गाडी आणखी जोरात हाकायला लागला. पोरं कोणाकोणाची ते मला पाठ होतं. त्यांच्या घरचं टपाल मीच टाकतो. माझ्या पुतणीच्या दोघी मुली त्याच बसमध्ये होत्या. वायपर फिरत होता आणि मी मनात काय काय कबूल करत होतो ते सांगत नाही. चर्चमध्ये जायचं कबूल केलं होतं एवढं सांगतो.

शेवटचा चढ आला. चढावरून खाली तळं दिसतं. वेंडेलने वेग कमी केला. मला वाटतं त्याला बघायचं नव्हतं.

खाली बस उभी होती. रस्त्याच्या मधोमध. डावीकडे जेवढा रस्ता तेवढाच उजवीकडे. चारही चाकं खडीवर, सगळे दिवे लुकलुकत. तिच्यासमोर नाकाला नाक लावून केसलरचा ट्रॅक्टर, त्याच्यामागे ते प्रचंड पेरणीयंत्र, आणि मधे पावसात उभा राहून हातवारे करणारा रेनी केसलर.

वेंडेलने पिकअप थांबवली आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. माझा जीव भांड्यात पडला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, तशी त्याची पाठ हलत होती. मी खिडकीबाहेर बघत बसलो. थोड्या वेळाने त्याने नाक पुसलं आणि गाडी खाली घेतली.

आम्ही उतरतो न उतरतो तोच केसलर अंगावर आला. "बरं झालं आलास. बघ तुझी बायको. केव्हाचा उभा आहे मी इथे. बाजूला घे म्हणतो तर घेत नाही."

"बरं," वेंडेल म्हणाला.

"बरं काय? मला म्हणते, साइडपट्टी कच्ची आहे, तू मागे जा. साठ फुटी यंत्र, मागे बियाण्याची गाडी, आणि मी मागे जाऊ? एवढी साइडपट्टी मोकळी पडलीय! पंचवीस वर्षांत असला उद्धटपणा बघितला नाही मी. तुझ्या घरची भांडणं तुझ्या घरी ठेव, वेंडेल, रस्त्यावर आणू नको."

बसच्या खिडकीला अर्लिस बसली होती. काच चार बोटं खाली. सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होती आणि समोर बघत होती. मागे पोरांनी काचांना नाकं लावलेली. असा तमाशा त्यांना कुठे फुकट बघायला मिळणार?

वेंडेल रस्त्याच्या कडेला गेला आणि त्या झकास साइडपट्टीवर एक पाय ठेवला, नुसता, जोर न देता. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ढेकळं घरंगळली आणि तळ्यात डुबुक डुबुक आवाज झाले. आम्ही दोघांनी त्याला काखेत धरून ओढलं. पाय आला. बूट आतच राहिला.

केसलर त्या भोकाकडे बघत राहिला. भोकात हळूहळू पाणी भरत होतं. मग त्याने मान वळवून बसकडे पाहिलं, काचेला लागलेल्या नाकांकडे पाहिलं. त्याचा नातू तिसऱ्या खिडकीत होता. डोक्यावरची टोपी काढून त्याने ती झटकली, पावसात टोपी झटकून काय होणार होतं कोण जाणे.

"मागे घेतो मी," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक.

आणि घेतलं त्याने. मागे जाणं अशक्य आहे असं जे म्हणत होता तेच यंत्र त्याने इंच-इंच करत, मी एका कडेला आणि वेंडेल एक पाय बुटात, एक मोज्यात असा दुसऱ्या कडेला, आमच्या हातांच्या खुणांवर तळ्याच्या पलीकडच्या शेताच्या फाट्यापर्यंत मागे नेलं. दोनदा तिरकं झालं, दोनदा पुढे घेऊन सरळ केलं. फाट्यात शिरलं तेव्हा बसमधून असा कल्ला उठला की तळ्यावरची बदकं उडाली. केसलर आजही कॅफेत ही गोष्ट सांगतो. त्याच्या गोष्टीत साइडपट्टी मऊ असल्याचं आधी त्यालाच कळतं.

बस हळूहळू पुढे आली, रस्त्याच्या मधूनच, आणि आमच्यापाशी थांबली. वेंडेल खिडकीखाली जाऊन उभा राहिला. अंगावरून पाणी निथळत होतं.

"तुला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"तू नाही सांगितलंस, एवढं नक्की." पाच दिवसांनी तिचं हे पहिलं वाक्य.

"मग?"

"काल मागच्या पायरीवर तुझे बूट होते. पांढरे झाले होते." फॉसमच्या तळ्याभोवतीची माती चोपण, खारी आहे. वाळली की पिठासारखी पांढरी होते, आणि अशी माती अख्ख्या टाउनशिपमध्ये त्या एकाच रस्त्याला आहे. "आणि नुसते तळवे नाहीत, वरपर्यंत पांढरे. म्हणजे खाली उतरून पायाने चाचपत होतास. ते तू ओढल्यावरच करतोस. मग सकाळी जातानाही मधूनच नेली मी बस."

"पण तू तर माझ्याशी बोलत नव्हतीस."

"बोलत नव्हते," अर्लिस म्हणाली. "बघत नव्हते असं कुणी सांगितलं तुला?"

वेंडेलने बसच्या पत्र्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. मी जरा लांब जाऊन तळ्याकडे बघायला लागलो. मला बायको नाही, आणि बहुतेक वेळा त्याचं काही वाटत नाही. त्या वेळी वाटलं.

"मी तुझ्या आईची शतावरी..." तो म्हणायला लागला.

"हळू बोल," ती एकदम म्हणाली. "पोरं ऐकतायत. सगळ्या गावाला जागा कळेल." आणि मग, जरा थांबून, "सांगायला हवी होती मी. आता बूट शोध आणि घरी ये. उशीर केलास तर बटाटे करपतील."

बूट सापडला नाही. तळ्याने ठेवून घेतला.

पुढचं थोडक्यात सांगतो. बोर्डाने फलक घेतले, नारिंगी, चांगले ठसठशीत. साइडपट्टी ओढली की वेंडेल दोन्ही टोकांना लावतो. तरी संध्याकाळी जेवताना सगळं सांगतोच. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला होतो. मीटबॉल होते. तो सांगत होता, मिल रस्ता, पश्चिमेची बाजू, पुलापासून दफनभूमीपर्यंत. अर्लिस मला बटाटे वाढत होती, माझ्याशी भलत्याच विषयावर बोलत होती, आणि तो "दफनभूमीपर्यंत" म्हणाला तेव्हा तिकडे न बघताच म्हणाली, "फाटकापर्यंत की झाडापर्यंत?"

आणि शतावरी गेली नव्हती. तिची मुळं खोल असतात, पातं तिथवर पोचलं नव्हतं. पुढच्या मे महिन्यात कोंब आले. एका संध्याकाळी अर्लिस नवऱ्याला गाडीत घालून त्वेइट वळणावर घेऊन गेली आणि जागा दाखवली. हे मला कसं कळलं, तर असं की तेव्हापासून दर वसंतात तिथली साइडपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ ओढलेली असते, आणि मधे एकाच ठिकाणी खाटेएवढा गवताचा उंचवटा तसाच असतो. तिथे त्याने पातं वर उचललेलं असतं. जो माणूस जन्मभर बांधांच्या मागे लागला त्याने एक बांध राखून ठेवला आहे. त्यामुळे तिथे पाणी तुंबतं, रस्त्याला खड्डा पडतो, आणि तो खड्डा वेंडेल दरवर्षी फावडं घेऊन हाताने भरतो.

आता आंधळ्यालाही दिसावं असं आहे ते. अख्ख्या टाउनशिपला माहीत आहे की अर्लिसची शतावरी कुठे आहे. केसलरला माहीत आहे, पाद्रींना माहीत आहे, माझ्या पुतणीच्या दोघींना माहीत आहे. आजवर कुणी तिथला एक कोंब तोडलेला नाही. त्वेइटांची टपालपेटी तिथून चार पावलांवर आहे, आणि मी मे महिन्यात तिथे चारही चाकं रस्त्यावर ठेवून, खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत टपाल टाकतो. अर्लिसला वाटतं की तिची जागा अजून कुणाला ठाऊक नाही. तिला सांगू नका.